फ्लूटला बासरीचे माप नको

‘जेथ्रो टल’ या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘क्युरिअस रुमिनंट’ (२०२५) या अल्बमच्या आपल्या रविवारच्या अंकातील परीक्षणात बँडचे गायक व फ्लूटवादक इयान अँडरसन यांच्या बासरीत मींड (एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जाणे) नाही, ती खरखरते, असा ठपका ठेवला आहे. तो पटला नाही. इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँ यांच्या विलंबित गायकीवर कान तयार झालेल्या इंदूरकराने मींड शोधावी, हे स्वाभाविकच. परंतु बांबूच्या बासरीत उघड्या छिद्रावरून बोट हलकेच सरकवून जी मींड निघते, ती चाव्यांनी छिद्रे झाकणाऱ्या धातूच्या फ्लूटमध्ये सहजी निघत नाही. खरखर तर हेतुपुरस्सर आहे : अँडरसन फुंकतानाच गळ्यातून गुणगुणतात, त्यामुळे इलेक्ट्रिक गिटारसमोरही सूर दबत नाही. बाखच्या रचनेवर आधारित ‘बूरे’पासून (१९६९) त्यांचा हाच बाज आहे. त्यांचा गाता गळा आता थकला आहे, हे परीक्षणातील मत मात्र मान्य.

– एक वाचक, इंदूर