बेकारी भत्त्याला एवढं घाबरू नका: केंद्रीय श्रममंत्र्यांना खुलं पत्र

मा. श्रममंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

बेकारी भत्त्याचा विषय निघाला की "फुकट पैसे दिले की लोक कामच शोधत नाहीत" हे हमखास ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, भत्ता जास्त दिवस मिळाला की माणूस नवी नोकरी धरायला जरा वेळ लावतो हे बऱ्याच देशांत दिसलंय. पण अमेरिकेत 2021 ला जवळपास निम्म्या राज्यांनी कोरोनातला आठवड्याला 300 डॉलरचा जादा भत्ता मुदतीआधीच बंद केला, तेव्हा लोक धावत कामावर येतील असं वाटलं होतं, आले थोडेच. डेन्मार्कमध्ये तर कमी पगारवाल्याला पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो, दोन वर्षं, तरी तिथे सगळे घरी बसलेले नाहीत कारण सोबत ट्रेनिंग आणि काम शोधायची सक्तीही असते.

आपल्याकडे काय होतं ते पुण्याजवळच्या आमच्या भोसरीत या आणि बघा. शेजारचा पोरगा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर, मशीनचं सेटिंगसुद्धा स्वतः करायचा, ठेकेदाराने ब्रेक दिला, म्हणजे कामावरून काढलं, आणि रूमचं भाडं, गाडीचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे हे सगळं उभंच असल्यामुळे पुढच्याच आठवड्यात तो पाठीवर बॅग लावून पार्सल पोचवायला लागला. इंटरव्ह्यूचे फोन यायचे तेव्हा तो कुणाच्या तरी सोसायटीच्या गेटवर ओटीपी विचारत उभा असायचा. आता मशीनवर परत जाईल असं वाटत नाही.

आणि सरकारी सर्व्हेत हा पोरगा बेकार धरलाच जात नाही! आठवड्यात एक तास जरी काम केलं तरी साप्ताहिक हिशोबात माणूस कामावर आहे. 2023-24 चा बेकारीचा वर्षाचा आकडा 3.2 टक्के आला, चांगला दिसतो, पण ज्याला घरी बसणं परवडतच नाही तो बेकार राहणार कसा? भत्ता दिला तर हा आकडा कदाचित थोडा वाढेलही, वाढू दे, निदान माणूस त्याला येतं ते काम शोधत असेल.

आपली ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे ना, नोकरी गेल्यावर भत्ता देणारी, 2018 ला दोन वर्षांसाठी म्हणून आली आणि तेव्हापासून मुदतवाढीवरच चाललीये. 2020 ला भत्ता पगाराच्या 25 वरून 50 टक्के केला, ते चांगलंच केलं. पण जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच, दोन वर्षं आधी विमा हवा, आणि पगार 21,000 च्या वर गेला की माणूस ईएसआयच्याच बाहेर. दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या पोराने यात बसायचं कसं?

साहेब, ही योजना कायमची करा, आयुष्यात एकदाच ही अट काढा, 21,000 ची मर्यादा 2017 पासून तिथेच आहे ती वाढवा. आणि भत्ता देताना आयटीआयमध्ये नवीन मशीन शिकायची सोय त्याच फॉर्ममध्ये द्या, पोरं येतील.

आपला,
भोसरीतला एक कामगार