एका ओळीत बायबल मावत नाही हो

संपादक महोदय,

स.न.वि.वि. तुमच्या पेपरात पहिल्या पानाच्या कोपऱ्यात रोज जी विचारांची छोटी चौकट येते ती मी चहाच्या आधी वाचते, हेडलाईन नंतर. गेल्या आठवड्यात तिथे होतं की तुमच्याविषयी देवाच्या मनातले बेत हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आणि खाली नुसतं ‘बायबल’ एवढंच. मी ओळखलं, यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया या संदेष्ट्याच्या नावाच्या पुस्तकातला २९वा अध्याय, ११वी ओवी. दुपारपर्यंत त्याच चौकटीचा फोटो आमच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून आला, कोणीतरी मागे सूर्योदय पण चिकटवला होता, आणि एका ताईंनी लिहिलं की मुलाच्या इंटरव्ह्यूच्या दिवशीच हे मिळालं, बघा. त्यांच्या आनंदावर मला पाणी टाकायचं नाहीये, पण ते वचन कुठून उचललंय हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

यिर्मयाचं ते पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं. घर गेलं, मंदिर लांब राहिलं, आणि हनन्या नावाचा एक संदेष्टा म्हणवणारा सांगत सुटलाय की दोन वर्षांत सगळं पूर्वीसारखं होईल. यिर्मया लिहितो की घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण ७० वर्षं लागणार आहेत. सत्तर! म्हणजे पत्र ऐकायला बसलेल्यांपैकी बहुतेकांचे डोळे तिथेच मिटणार. आणि हे सांगून झाल्यावर, अगदी पुढच्याच ओळीत, ते हिताचे बेत येतात. आता परत वाचा ते वचन. मला तर ते आधीपेक्षा जड वाटतं आणि जास्त खरंही वाटतं, फक्त शुक्रवारी लागणाऱ्या रिझल्टशी त्याचं काही जमत नाही.

मी काही फार शहाणी आहे असं नाही. दोन वर्षांपूर्वी मी मोबाईलवर अ‍ॅप घेतलं, वर्षात पूर्ण बायबल असा प्लॅन लावला. आमच्या प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, एकूण १,१८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन-चार अध्याय उरकले की झालं. आणि मी खरंच उरकत होते. लेवीय नावाच्या पुस्तकातले यज्ञांचे नियम मी दात घासता घासता वाचलेत, गणना या पुस्तकातल्या वंशांच्या याद्या लिफ्टची वाट बघत, आणि रात्री पावणेबाराला आठवलं की आजचा टिक राहिला तर अंगठ्याने भराभर स्क्रोल करून टिक मिळवलाय. सलग १४० दिवस झाले तेव्हा अ‍ॅपने अभिनंदन केलं आणि मला आदल्या दिवशी काय वाचलं ते आठवेना.

गंमत म्हणजे असा प्लॅन काढणाऱ्यानेच हा धोका आधी लिहून ठेवलाय. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट मरे मॅकचेन नावाचे एक तरुण पाळक (चर्चचे धर्मगुरू) होते, त्यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी रोज चार अध्यायांचं कोष्टक केलं, बायबलचा पहिला भाग जुना करार वर्षात एकदा, दुसरा भाग नवा करार आणि जुन्यातलीच स्तोत्रं दोनदा. पुढच्याच वर्षी ते वारले, वय अवघं २९, पण ते कोष्टक आजही लोक वापरतात. त्याच्या सुरुवातीलाच ते बजावतात की याने वाचन नुसती औपचारिकता होऊन बसेल, वाचलं म्हणून गर्व चढेल, लक्ष न देता वाचलं जाईल, आणि काहींना ते जोखड वाटेल. चारही मला लागू पडले.

पहिल्या स्तोत्रात धन्य माणूस रात्रंदिवस मनन करतो असं आहे ना, तिथे मूळ हिब्रू शब्द ‘हागा’ आहे. मनन म्हटलं की आपल्याला डोळे मिटून गप्प बसलेला माणूस दिसतो, पण हागा म्हणजे पुटपुटणं, तोंडातल्या तोंडात घोळवणं. यशया या पुस्तकात हाच शब्द शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहाला वापरलाय आणि पारव्याच्या घुमण्यालाही. जुने मठवासी तर सरळ रवंथ म्हणायचे, एकच ओळ दिवसभर चघळायची. म्हणून मी अ‍ॅप काढून टाकलं आणि जाडं छापील बायबल घेऊन मार्कपासून (येशूच्या जीवनाची जी चार शुभवर्तमानं आहेत त्यातलं एक) बसले, रोज फक्त एक परिच्छेद, मोठ्याने, दोनदा. घरच्यांना वाटलं फोनवर बोलतेय.

आठव्या अध्यायात मी आठवडाभर अडकले. बेथसैदाला एका आंधळ्याच्या डोळ्यांवर येशू हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसताहेत, पण झाडांसारखी, चालताहेत. म्हणजे अर्धवटच बरा झालाय! मग येशू परत हात ठेवतो आणि तेव्हा कुठे त्याला स्वच्छ दिसतं. ही गोष्ट चार शुभवर्तमानांत फक्त मार्कमध्येच आहे. मला कळेना की देवाच्या पुत्राला दोन खेपा का लागाव्यात. मग मागेपुढे वाचलं. जरा आधीच येशू शिष्यांना म्हणालाय की डोळे असून दिसत नाही का तुम्हाला, आणि जरा पुढे पेत्र नावाचा शिष्य त्याला म्हणतो, तू ख्रिस्त आहेस, एकदम बरोबर, आणि लगेच दुःख सोसायची गोष्ट निघाली की तोच पेत्र येशूला अडवायला जातो आणि ‘सैताना, माझ्या मागे हो’ असं ऐकून घेतो. पेत्रालाही तेव्हा माणसं झाडांसारखीच दिसत होती की! अ‍ॅपवर हा अध्याय मी चार मिनिटांत संपवलेला.

आणि मागचंपुढचं वाचायचं म्हटलं की सगळंच गोड निघत नाही, हेही सांगते. स्तोत्र १३७ ची सुरुवात, बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडलो, किती सुंदर आहे, पण त्याच स्तोत्राचा शेवट शत्रूंची लेकरं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतो. त्याचं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही, मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. अशी प्रश्नचिन्हं खूप झालीत. मध्ये आजारपणात तीन आठवडे पुस्तक उघडलंच नाही, आणि परत बसले तेव्हा अभिनंदन करायला किंवा लाज काढायला कोणी नव्हतं, बरं वाटलं.

तर विनंती एवढीच की बायबलमधलं वचन जरूर छापत जा, पण खाली पुस्तकाचं नाव, अध्याय आणि ओवी यांचे आकडे टाका. चौकटीत दोन बोटं जागा आहे, मी पट्टी लावून बघितलीय.

आपली,
एक रोजची वाचक