भंडारदरा मुक्काम: मुलांच्या सॅक भरताना

पालकहो, येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला वाचनालयासमोरून बस सुटेल. रविवारी संध्याकाळी सातपर्यंत परत. मुक्काम आर्थर लेकच्या काठी, तंबूत.

दिवसा ऑक्टोबरचं ऊन चटके देईल, पण रात्री पाण्यावरून गार वारा येतो आणि पहाटे तंबू दवाने ओला होतो. म्हणून स्वेटर, कानटोपी आणि झोपताना घालायला कोरडे मोजे हवेतच. गेल्या वेळी चौघं फक्त हाफ पँट घेऊन आले होते. शेवटी ताईंच्या शाली वाटून पांघरल्या.

बाकी सामान:
- पाठीवरची एकच सॅक, मुलांना स्वतः उचलता येईल एवढीच. भरायचीही त्यांनीच, म्हणजे टॉवेल कुठे ठेवलाय ते त्यांना ठाऊक असतं.
- पांघरूण, टॉर्च (सेल तपासून), पाण्याची बाटली, ताट-वाटी-पेला.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, वापरातले बूट. नवे नकोत, टाचा सोलवटतात.
- रोजची औषधं नाव लिहून ताईंच्या हातात द्या.

मोबाईल आणि फटाके आणायचे नाहीत. तलावात कोणीही उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. संमतीपत्र गुरुवारपर्यंत द्या.