दुसरा भाग आवडला, पण लपवलेले डाव नाही आवडले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांवर बरंच येतं, पण पंधरा ते वीस वयाची पोरं जे वाचतात त्यावर जवळजवळ काहीच नसतं, म्हणून हे पत्र. विषय आहे ली बार्डुगो यांची 'क्रुकेड किंग्डम' ही २०१६ ची कादंबरी, म्हणजे २०१५ मध्ये आलेल्या 'सिक्स ऑफ क्रोज'चा दुसरा आणि शेवटचा भाग. माझी भाची अकरावीला आहे, तिने दोन्ही पुस्तकं मला वाचायला लावली आणि दुसऱ्यावरून आमचं अजून पटलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केटरडॅम नावाचं जुन्या ॲमस्टरडॅमसारखं कालव्यांचं व्यापारी शहर, तिथे काझ ब्रेकर हा सतरा वर्षांचा, काठी टेकत चालणारा टोळीवाला, तो आणखी पाच जण गोळा करतो आणि आइस कोर्ट या अभेद्य किल्ल्यातून एक माणूस पळवायचा घाट घालतो, बक्षीस तीन कोटी. पोरं याला हाइस्ट म्हणतात. पहिल्या भागाच्या शेवटी ज्या व्हॅन एक नावाच्या व्यापाऱ्याने काम दिलेलं तोच पैसे बुडवतो आणि टोळीतल्या इनेझला उचलून नेतो, आणि दुसरा भाग तिथून सुरू होतो.

पहिला भाग मला का आवडला ते आधी सांगते कारण तक्रार त्यातूनच येते. तिथे प्लॅन आपल्याला बऱ्यापैकी माहीत असतो. कैद्यांच्या गाडीतून आत शिरायचं, मग इनेझने भट्टीच्या धुराड्यातून सहा मजले वर चढायचं. भट्टी थंड असेल असं सगळे धरून चाललेले आणि नेमकी ती त्याच दिवशी पेटवलेली निघते, भिंती तापलेल्या, तिच्या रबरी बुटांचे तळवे वितळायला लागतात आणि खाली उतरायची सोय नाही. आपल्याला प्लॅन माहीत असतो म्हणूनच तिथे पोटात गोळा येतो ना. काय बिघडलं आणि त्याने पुढचं काय काय बिघडणार हे तिच्याबरोबर आपल्यालाही कळत असतं.

दुसऱ्या भागात हेच हरवलंय. इथे एक डाव नाही, डावांची रांग आहे. व्हॅन एकच्या गरोदर बायकोला पळवून पुलावर इनेझशी अदलाबदल, मग त्याच्या साखरेच्या कोठारांची नासाडी, मग आइस कोर्टमधून पळवून आणलेल्या कुवेई या पोराचा भर चर्चमध्ये लिलाव आणि त्याच वेळी शहरभर प्लेगची खोटी हूल. एकेक कल्पना भारी आहे, त्यात वाद नाही. पण दरवेळी तेच होतं, सगळं फसलंय असं दाखवायचं, आपण घाबरायचं, आणि दोन पानांनी कळतं की हे काझने आधीच ठरवलेलं होतं. पहिल्यांदा टाळी वाजवावीशी वाटते, दुसऱ्यांदा ठीक आहे, पण नंतर नंतर मी घाबरायचंच सोडून दिलं.

भाची म्हणते अगं मावशी हीच तर मजा आहे, सगळं आधी सांगितलं तर काय उरलं. पटतं थोडं. पण बघा, पहिल्या भागात टोळीतल्या वायलनच्या, म्हणजे व्हॅन एकच्याच मुलाच्या, नजरेतून लिहिलेलं एकही प्रकरण नाही, त्यामुळे शेवटी कुवेई समजून व्हॅन एकसमोर उभा केलेला पोरगा म्हणजे जादूने चेहरा बदललेला वायलनच आहे हे कळतं तेव्हा चोरून काही लपवलं असं फारसं वाटत नाही. दुसऱ्या भागात मात्र सहाही जणांच्या नजरेतून प्रकरणं आहेत, आपण त्यांच्या डोक्यात बसलोय, त्यांचे भास, त्यांच्या जुन्या जखमा, सगळं ऐकतोय, आणि नेमका प्लॅन तेवढा त्यांच्या मनात येत नाही. जो माणूस उद्या जिवावर उदार होणार आहे तो रात्रभर त्याचाच विचार करेल की नाही?

आता एवढं बोलूनही हे पुस्तक मी कुणाला वाचू नका म्हणणार नाही, कारण माणसं लिहिण्यात ते पहिल्याच्या पुढे आहे. काझ कायम हातमोजे घालतो. लहानपणी साथीत भाऊ गेला, यालाही मेलेला समजून प्रेतांच्या ढिगात टाकलं, आणि भावाच्या फुगलेल्या प्रेताला धरून हा पोहत किनाऱ्याला लागला, तेव्हापासून कुणाच्या कातडीला स्पर्श झाला की याला भोवळ येते. दुसऱ्या भागात हॉटेलच्या न्हाणीघरात तो मोजे काढून इनेझच्या जखमांच्या पट्ट्या बदलतो. बस, एवढंच घडतं. पण एकेक पट्टी सोडताना त्याच्या डोक्यात ते समुद्राचं पाणी चढत जातं, आणि तीही स्वतः विकली गेलेली, तिलाही स्पर्श सोपा नाही, तरी दोघं रेटतात. चोरीच्या एकाही प्रसंगात माझा श्वास असा अडकला नाही.

तसंच टोळीतल्या जेस्परचा बाप. शेत गहाण टाकून पोराला शहरात विद्यापीठात पाठवलंय आणि पोरगा जुगारात पैसे घालवून बसलाय, बँक मागे लागल्यावर बाप थेट शहरात येऊन उभा राहतो. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मात्र त्या व्यसनाचा निकाल पुस्तकात फार झटकन लागतो, तिथे अजून थांबायला हवं होतं. वायलनला अक्षरं लागत नाहीत म्हणून बापाने त्याला टाकलंय, तो भाग मात्र नीट सावकाश लिहिलाय, मेली म्हणून सांगितलेली आई त्याला वेड्यांच्या इस्पितळात भेटते ते वाचून मी पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवलं.

पुढचं ज्यांना वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा. शेवटाकडे टोळीतला मॅथियस मरतो. त्याच्याच देशाचा एक कोवळा सैनिक, ज्याच्यात त्याला जुना स्वतः दिसतो, त्याला तो समजवायला जातो आणि तोच पोरगा गोळी घालतो. भाचीला हे विनाकारण वाटतं, ती लेखिकेवर अजून रागावलेली आहे. मला वाटतं मरण बरोबर आहे, द्वेष शिकवलेल्या पोरांच्या हातून असंच होतं, फक्त ते लिलावाच्या गडबडीनंतर असं घाईने येतं आणि लगेच पुढचे हिशेब सुरू होतात, की त्याच्यावर प्रेम करणाऱ्या नीनाला रडायलाही पुरेशी पानं मिळत नाहीत. काझच्या हुशारीचे दोन खुलासे कमी केले असते तर ती जागा इथे मिळाली असती.

संपादक साहेब, विनंती एवढीच की अशा पुस्तकांवर पुरवणीत परीक्षणं येऊ द्या, आणि ती नुसतं कौतुक करणारी नकोत. दुसरा भाग पोरं वाचतातच, पहिल्याच्या प्रेमापोटी वाचतात. तो कुठे जमला आणि कुठे घसरला यावर घरात, शाळेत त्यांच्याशी बोलणारं क्वचितच कुणी असतं. आणि परीक्षण त्याच वयाच्या पोरांकडून लिहून घेतलंत तर फारच छान, माझी भाची मॅथियसबद्दल दोन कॉलम सहज लिहील.

आपली,
एक वाचक, सातारा