१९९१ चे श्रेय आणि त्याआधीचे दहा महिने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै महिना आला की वृत्तपत्रांतून १९९१ च्या आर्थिक संकटाची उजळणी होते. २४ जुलैचा अर्थसंकल्प, अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांचे भाषण, ‘ज्या कल्पनेची वेळ आली आहे तिला कोणतीही शक्ती रोखू शकत नाही’ हे शेवटचे व्हिक्टर ह्यूगोचे वाक्य आणि परवाना राज, म्हणजे उद्योगांवरची सरकारी परवान्यांची सक्ती, संपल्याची घोषणा. त्या भाषणाबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र ही हकिगत दरवेळी नव्या सरकारच्या शपथविधीपासून सांगितली जाते, याचे वाईट वाटते. देश अडचणीत असताना राजकारणी कसे वागतात हे पाहायचे असेल, तर त्याआधीचे दहा महिने वाचायला हवेत.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. तेल भडकले, आखातातल्या आपल्या माणसांची कमाई थांबली आणि लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. दुखणे अर्थातच जुने होते. ऐंशीच्या दशकात सरकारने उधारीवर खर्च वाढवत नेला होता आणि परदेशी कर्जातला अल्पमुदतीचा वाटा फुगला होता. त्या वेळी अर्थमंत्रालय आपल्या कोकणातले मधू दंडवते सांभाळत होते. त्यांच्या सचोटीबद्दल शत्रूनेही शंका घेतली नसती. पण त्यांच्याच अर्थसंकल्पात दहा हजार रुपयांपर्यंतची शेतकरी कर्जमाफी होती, आणि तेलाचा भडका उडाला तेव्हा दिल्ली मंडल (मागासवर्गीयांचे आरक्षण) आणि मंदिर (अयोध्या) या दोन वादांत पुरती बुडालेली होती. ७ नोव्हेंबरला व्ही. पी. सिंग यांचे सरकार पडले. परकीय चलन आटत चालले आहे, हा प्रश्न त्या गदारोळात कोणाच्याही जाहीर सभेचा विषय झाला नाही.

मग चंद्रशेखर पंतप्रधान झाले, काँग्रेसने बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर. जानेवारी १९९१ मध्ये त्यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून तातडीचे कर्ज मिळवले. पुढची मदत हवी तर विश्वासार्ह अर्थसंकल्प दाखवणे भाग होते आणि अर्थमंत्री यशवंत सिन्हा तो मांडायला तयार होते. काँग्रेसने तो मांडू दिला नाही. ४ मार्चला केवळ अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या खर्चापुरता, अर्थसंकल्प आला. हरियाणाचे दोन पोलीस राजीव गांधींच्या घराबाहेर पाळत ठेवताना सापडले, यावरून वाद पेटला आणि ६ मार्चला पंतप्रधानांनी राजीनामा दिला. तिजोरीत आठवड्यांच्या हिशेबाने पैसा उरलेला असताना, दोन शिपायांच्या प्रकरणावरून देश काळजीवाहू सरकारच्या हाती गेला. याचा जाब आजवर कोणी कोणाला विचारलेला नाही. ज्या पक्षाने तो अर्थसंकल्प अडवला, त्याच पक्षाला चार महिन्यांनी त्याहून कितीतरी कडू औषध द्यावे लागले. मधल्या काळात अनिवासी भारतीयांच्या ठेवी वाहून गेल्या, आयातीसाठी बँकांत दुप्पट रक्कम आधी भरण्याची अट आली आणि कच्च्या मालासाठी परदेशावर अवलंबून असलेल्या कारखान्यांची कोंडी झाली. विलंबाची किंमत त्यांनी मोजली.

आता सोन्याविषयी. मे १९९१ मध्ये सरकारकडच्या जप्त सोन्यापैकी वीस टन सोने स्टेट बँकेमार्फत, परत विकत घेण्याच्या अटीवर, स्वित्झर्लंडच्या बँकेला विकले गेले. हा निर्णय काळजीवाहू सरकारचा. निवडणूक तोंडावर, पराभव समोर दिसतो आहे, अशा वेळी त्या कागदावर सही करणे म्हणजे आयुष्यभराचा डाग पत्करणे होते. आपल्याकडे मंगळसूत्र गहाण पडणे ही घराची शेवटची पायरी मानतात. ‘सोने विकणारे सरकार’ हा शिक्का किती खोल बसतो, हे त्यांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? तरीही चंद्रशेखर आणि सिन्हा यांनी तो निर्णय पुढच्या सरकारच्या माथी मारण्यासाठी राखून ठेवला नाही. देयके चुकली असती, तर जुलैमध्ये वाटाघाटी करायला देशाची पत उरली नसती. माझ्या मते १९९१ मधला नेतृत्वाचा पहिला खरा पुरावा हा आहे, आणि त्याबद्दल मानाचे चार शब्दही या दोघांच्या वाट्याला क्वचितच आले.

२१ जूनला पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. आम्ही रामटेककरांनी त्यांना १९८४ आणि १९८९ मध्ये लोकसभेत पाठवले होते. फर्ग्युसनमध्ये शिकलेला आणि सहज मराठी बोलणारा हा नेता १९९१ ची निवडणूक लढलाही नव्हता. बहुमत नसलेले सरकार चालवताना त्यांना सोपा मार्ग उपलब्ध होता: सगळे खापर आधीच्या दोन सरकारांवर फोडायचे आणि वेळ काढायचा. त्यांनी तसे केले नाही. उलट सोन्याचाच मार्ग पुढे नेला. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून लंडनला पाठवून कर्ज उभारले. ते कर्ज त्याच वर्षी फिटले.

१ जुलैला रुपयाचे पहिले अवमूल्यन झाले, म्हणजे डॉलरच्या तुलनेत त्याची किंमत उतरवली गेली, आणि ओरड सुरू झाली. राव डगमगले. दुसरा टप्पा थांबवावा असे त्यांना वाटू लागले. ३ जुलैच्या सकाळी मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर सी. रंगराजन यांना तो थांबवण्यासाठी फोन केला, तोवर नवा दर जाहीर झालेला होता. काही लोक हा प्रसंग रावांच्या दुबळेपणाचा दाखला म्हणून सांगतात. मला तसे वाटत नाही. ज्याला जनतेसमोर जायचे असते त्याला भीती वाटणारच. निर्णय मागे घेण्याची किंवा अर्थमंत्र्याला बळी देण्याची संधी त्यानंतरही होती; ती त्यांनी घेतली नाही. उद्योग खाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले होते, त्यामुळे परवाने रद्द करणारे २४ जुलैचे औद्योगिक धोरणही थेट त्यांच्याच जबाबदारीवर आले.

त्या अर्थसंकल्पी भाषणातले ह्यूगोचे वाक्य सर्वांना पाठ आहे. मला त्याआधीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. परकीय चलनाची गंगाजळी सुमारे अडीच हजार कोटींची असून ती जेमतेम पंधरवड्याच्या आयातीला पुरेल, हे अर्थमंत्र्यांनी भर सभागृहात सांगितले. उसन्या पैशावर किंवा उसन्या वेळेवर जगण्याची सोय आता राहिलेली नाही, हेही सांगितले. त्याच भाषणात पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस महागला, खत ४० टक्क्यांनी महागले. स्वपक्षाचेच खासदार खवळले, तेव्हा ऑगस्टमध्ये खताची वाढ ३० टक्क्यांवर आणून लहान व सीमांत शेतकऱ्यांना वगळण्यात आले. दिशा न सोडता अशी माघार घेता येते. मात्र एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे: त्या ऑगस्टमध्ये महागाई १६ टक्क्यांच्या पुढे गेली होती, आणि तिचा मार रोजंदारीवरच्या माणसाने सोसला. गौरवलेखांत त्याला जागा मिळत नाही.

याच्या उलट श्रीलंका पाहा. गोटाबाया राजपक्षे यांनी २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली आणि गंगाजळी संपत असताना नाणेनिधीकडे जाणे लांबवत राहिले. २०२२ मध्ये देशाने कर्ज फेडण्यास असमर्थता जाहीर केली, पेट्रोलच्या रांगांत माणसे दगावली आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. तिथे बहुमत भक्कम होते. आपल्याकडे १९९१ मध्ये ते नव्हते.

म्हणून संपादक महोदय, एक विनंती आहे. येत्या जुलैत आपण २४ जुलैच्या भाषणाच्या आठवणी छापाल, तेव्हा त्याच पानावर फेब्रुवारी-मार्च १९९१ मधील संसदेच्या कामकाजाचा वृत्तान्तही द्यावा. अर्थसंकल्प कोणी अडवला, कोण गप्प बसले आणि कोणी सही केली, हे नावानिशी छापावे.

आपला,
एक नियमित वाचक
रामटेक, जि. नागपूर