नवी पेठेतल्या ब्लाउज शिवणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीच्या मोबाइलवर येईल आणि तीच ते वाचून दाखवेल, हे मला माहीत आहे. तरी सगळ्यांसमोर लिहितेय. राज्यसेवेच्या मुलाखतीला काय नेसायचं या प्रश्नाने पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये कितीतरी मुलींची झोप उडते, आणि तुमचं दुकान तर त्यांच्या मेसच्या वाटेवरच आहे.

मुलाखतपत्र आल्यावर जो तो शहाणपण शिकवायला लागला होता. कोणी म्हणे खादीच हवी, तर कोणाला काठ जरा मोठे वाटत. नव्या पद्धतीत 2025 पैकी 275 गुण मुलाखतीचे. त्यात साडीचे वेगळे गुण नाहीत हे कळत होतं, पण वळत नव्हतं. मुलांचं बरं असतं. फिका फुल शर्ट, गडद पँट, बुटांना पॉलिश, की सुटले.

तुम्ही रंगाबद्दल चकार शब्द काढला नाहीत. आधी विचारलंत, "जायचं कुठे, आणि कशाने?" पनवेलला आत्याकडे मुक्काम, सकाळी लोकलने बेलापूर, असं सांगितल्यावर माझी खळ दिलेली कॉटनची साडी तुम्ही बाजूला सारलीत. "ही उभ्या बाईला शोभते. तू गाडीत बसणार, मग बाहेर नंबर येईपर्यंत बसणार. आत जाशील तेव्हा मागून पापड झालेली असेल." वहिनीची राखाडी महेश्वरी मात्र तुम्ही बोटांनी चुरगळून पाहिलीत आणि पसंत केलीत. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, त्यामुळे अंगावर बसतेही आणि घडीही फार पडत नाही, हे तेव्हाच कळलं.

ब्लाउज वहिनीचाच, मला घट्ट होणारा. नवीन शिवून घे म्हणाला असतात तर मी मुकाट्याने शिवला असता. तुम्ही तो उलटा केलात, शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, आहे हे पाहिलंत, दोन्ही बाजू उसवल्यात आणि मुंढाही थोडा सैल केलात. मग मला दुकानातल्या स्टुलावर बसवलंत. उठ, नमस्कार कर, परत बस, या वहीवर सही कर. हात पुढे केला की ब्लाउज पाठीवर ओढला जात होता, तो तुम्ही पुन्हा उसवलात. आरशासमोर उभं राहून हे मला कधीच दिसलं नसतं.

बाकीच्या गोष्टी तुमच्या दृष्टीने किरकोळ. सॅटिनचा परकर नको, साडी घसरते, सुती घाल. सँडल आधी घालून मगच साडी नेस, नाहीतर उंची चुकते. पदराच्या पट्ट्या एकत्र पिन कर आणि खांद्याची पिन आतून लाव, म्हणजे दिसत नाही. बांगड्या टेबलावर वाजतील, घड्याळ पुरे. जास्तीच्या पिना पर्समध्ये टाकायच्या. त्यातली एक लोकलमधून उतरल्यावर लागलीच.

आत गेल्यावर प्रश्न आले ते माझ्या जिल्ह्यातल्या सोयाबीनचे, पीकविम्याचे आणि पदवीच्या विषयाचे. एका प्रश्नाला तर "माहीत नाही, सर" म्हणावं लागलं. पण त्या सगळ्या वेळात एकदाही माझा हात पदराकडे गेला नाही. कपड्यांकडून मला एवढंच हवं होतं. माझ्या आधी आत गेलेली मुलगी साध्या सलवार-कमीजमध्ये होती आणि तीही हसतच बाहेर आली. म्हणून साडीच हवी असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचं मला आता फारसं पटत नाही.

निकाल अजून लागायचा आहे. तो काहीही लागो, तुमचे आभार आत्ताच मानायचे होते, कारण नंतर मानले तर ते निकालाचे वाटले असते. तुम्ही माझ्याकडून फक्त हुकांचे पैसे घेतलेत आणि उसवण्या-शिवण्याचं "पास झाल्यावर बघू" म्हणालात. ते मला मान्य नाही. या रविवारी येऊन हिशेब करते.

येताना रूममेटलाही आणतेय. तिचीही मुलाखत जवळ आली आहे. तिचा ब्लाउज रेडीमेड आहे, आत माया अजिबात नाही, हे मी उलटा करून पाहिलं. तेव्हा कापड घेऊनच येतो. तुम्ही फक्त स्टूल रिकामं ठेवा.

तुमची,
परभणीची पोर