बाई, ती सात शून्यं अजून वहीत आहेत

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

प्रयोगवहीचं ते पान परवा हाती लागलं आणि तुम्हाला पत्र लिहायला बसलो. चंचुपात्रात बर्फाचा चुरा, खाली मंद ज्योत, आणि दर मिनिटाला तापमापी वाचायचा. माझ्या रकान्यात ओळीने सात शून्यं पडली. तापमापी बिघडला असं समजून मी आकडे खोडायला निघालो, तेव्हा तुम्ही हातातलं रबर काढून घेतलंत. "दिसतंय तेच लिही. ढवळत राहा आणि लिहीत राहा."

बर्फ संपला तेव्हा कुठे पारा हलला. मग तुम्ही विचारलंत, "इतका वेळ ज्योत जळत होती. ती उष्णता गेली कुठे?" अप्रकट उष्म्याची, म्हणजे तापमान न वाढवता पदार्थ वितळवणाऱ्या उष्णतेची, व्याख्या सगळ्या वर्गाला तोंडपाठ होती, तरी एकालाही उत्तर देता आलं नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं! ही सगळी उष्णता बर्फातल्या रेणूंची घट्ट बांधणी सोडवण्यात खर्ची पडते, म्हणून पारा जागचा हलत नाही. उष्णता वेगळी आणि तापमान वेगळं, हे मला त्या सात शून्यांनी शिकवलं.

पुढच्या तासाला तुम्ही धातूचा जाड पत्रा आणि लाकडी फळी आणलीत. हाताला पत्रा गार लागला, म्हणून बर्फ त्याच्यावरच जास्त टिकेल, असं आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. पत्र्यावरचा तुकडा बघता बघता वितळला, फळीवरचा बराच वेळ तसाच होता. दोन्हींचं तापमान खोलीइतकंच होतं. पण धातू हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो म्हणून गार लागतो, आणि बर्फालाही ती तशीच झपाट्याने पोचवतो. आधी आम्हाला चुकू दिलंत, याबद्दल तुमचे खास आभार.

जूल या इंग्लिश शास्त्रज्ञाचा प्रयोगही आठवतो. वजन खाली उतरतं, पाण्यातली पाती फिरतात, पाणी किंचित तापतं. 1840 च्या दशकातला हा प्रयोग सांगून तुम्ही फळ्यावर गणित घातलंत : एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी सुमारे 427 मीटर उंच उचलता येईल. मी ते घरी दोनदा करून पाहिलं. गती आणि उष्णता हे दोन धडे माझ्यासाठी तिथे एक झाले.

पण हे पत्र खरं तर एका वाक्यासाठी आहे. रात्री लांबचा आवाज जास्त स्पष्ट का येतो, असं मी विचारलं होतं. मला वाटलं होतं, रात्री शांतता असते एवढंच तुम्ही सांगाल. तुम्ही म्हणालात, "तेवढंच कारण नसावं. मला आत्ता माहीत नाही, उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी हजेरीच्याही आधी तुम्ही फळ्याकडे वळलात. निरभ्र, शांत रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची त्यामानाने उबदार राहते. उबदार हवेत ध्वनी जलद जातो, दर अंशामागे सेकंदाला साधारण 0.6 मीटर जास्त. त्यामुळे ध्वनीलहरींचा वरचा भाग पुढे जातो आणि लहरी जमिनीकडे वाकतात. तापलेल्या रस्त्यावर पाणी असल्याचा भास होतो तेव्हा प्रकाशही वाकतो, तो मात्र वर, कारण तिथे गार हवा वर असते. ध्वनी असो वा प्रकाश, वळतात दोघेही गार हवेकडेच.

एका मुलाच्या प्रश्नासाठी तुम्ही आदल्या संध्याकाळी किती पुस्तकं उघडली असतील, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. आता करतो.

मनापासून आभार, बाई.

तुमचा विद्यार्थी